रेंडलशॅम येथील दिव्यांचें प्रकरण : एका अस्सल लष्करी पत्राची छाननी

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस अस्सल कागद हातीं लागला म्हणजे किती आनंद होतो, हें आम्हांस ठाऊक आहे. कागद त्या काळचा, सही खरी, मायना बरोबर, एवढें ठरलें कीं काम निम्मे झाल्यासारखें वाटतें. परंतु कागद अस्सल आहे एवढ्यावरून त्यांतील मजकूर खरा ठरत नाहीं, ही गोष्ट आपण सर्वजण तोंडानें म्हणतों आणि प्रत्यक्ष काम करतांना पुष्कळदां विसरतों. तिचें एक फार बोधप्रद उदाहरण इंग्लंडांतील लष्करी दप्तरांत सांपडतें. विषय ‘उडत्या तबकडी’चा असल्यामुळें या त्रैमासिकाच्या पानांत तो पाहून वाचकांस किंचित् नवल वाटेल. तथापि आम्हांस येथें आकाशांतील वस्तूपेक्षां टेबलावरील कागदाची परीक्षा कर्तव्य आहे. या प्रकरणाचे मुख्य कागद थोडे, आटोपशीर व आतां सर्वांस उपलब्ध असे आहेत. त्यामुळें एका तारखेच्या चुकीनें चौकशीचें काय होतें, तें यांत स्वच्छ दिसून येतें.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. ता. २४ जून १९४७ रोजीं अमेरिकेंतील केनेथ आर्नोल्ड या वैमानिकानें रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तु अतिवेगानें जातांना पाहिल्याचें सांगितलें. वृत्तपत्रांनीं त्यांस ‘उडत्या तबकड्या’ असें नांव दिलें. पुढें अशा वार्तांचा पूर लोटला, तेव्हां अमेरिकेच्या हवाई दलानें त्यांची सरकारी चौकशी हातीं घेतली. १९५२ पासून ती ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या नांवानें चालली. १९६९ च्या अखेरीस ती बंद झाली, तोंपर्यंत १२,६१८ वार्ता दप्तरीं दाखल झाल्या होत्या व त्यांपैकीं ७०१ चा उलगडा झाला नव्हता. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयांतही अशा वार्ता घेणारें एक लहानसें टेबल होतें. मात्र देशाच्या संरक्षणास यापासून कांहीं धोका आहे काय, एवढाच प्रश्न तें विचारीत असे. वस्तु काय होती याचा तळ गाठणें हें त्याचें काम नव्हतें. ही मर्यादा ध्यानीं ठेविली म्हणजे पुढील हकीकतींतील सरकारी थंडपणाचा अर्थ लागतो.

आतां स्थळ. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यास सफोक परगण्यांत रेंडलशॅम नांवाचें पाइन वृक्षांचें लागवडीचें अरण्य आहे. त्याच्या लगत वुडब्रिज व बेंटवॉटर्स असे दोन हवाई तळ होते. तळ नांवानें ब्रिटिश हवाई दलाचे, पण १९८० सालीं तेथें वस्ती अमेरिकन हवाई दलाची होती. अरण्याच्या पूर्वेस सुमारें पांच मैलांवर, समुद्राच्या कांठीं, ऑर्फर्ड नेस येथील दीपगृह उभें होतें. १९८० च्या नाताळांत वुडब्रिज तळाच्या पूर्व दरवाजावरील पहारेकऱ्यांस पहाटेच्या सुमारास अरण्यांत कांहीं चमत्कारिक दिवे दिसले. एखादें विमान कोसळलें असेल अशा समजुतीनें परवानगी घेऊन कांहीं शिपाई आंत शिरले. पुढें एक रात्र गेल्यावर पुन्हां दिव्यांची वार्ता आली, तेव्हां तळाचे दुय्यम अधिकारी लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट हे स्वतः कांहीं माणसें, किरणोत्सर्ग मोजण्याचें यंत्र व खिशांतील ध्वनिमुद्रण-यंत्र घेऊन अरण्यांत गेले.

या सर्वांचा अहवाल म्हणून हॉल्ट यांनीं ता. १३ जानेवारी १९८१ रोजीं एक पत्र लिहिलें. पत्र एकच पान, तीन कलमें, विषय ‘न उलगडलेले दिवे’. तें तळावरील ब्रिटिश संपर्क-अधिकाऱ्यामार्फत लंडनास संरक्षण मंत्रालयाकडे गेलें. ब्लू बुक बंद होऊन अकरा वर्षें झालीं असल्यानें अमेरिकन हवाई दलांत असें पत्र पाठविण्यास नेमलेली कचेरीच नव्हती, आणि अरण्य तर ब्रिटिश भूमीवरचें. म्हणून त्याची वाट ब्रिटिश दप्तराकडे वळली. १९८३ सालीं अमेरिकेंतील माहिती-हक्काच्या कायद्यान्वयें त्याची प्रत एका अर्जदारास मिळाली. ता. २ आक्टोबर १९८३ रोजीं लंडनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ पत्रानें सफोकांत तबकडी उतरली व ही गोष्ट सरकारी आहे, असा मोठा मथळा देऊन तें जगजाहीर केलें. या मथळ्यांतील ‘सरकारी’ हा शब्दच सर्व घोटाळ्याचें मूळ होय. पत्र सरकारी होतें यांत शंका नाहीं. त्यांतील गोष्ट सरकारनें तपासून मान्य केली होती, असा मात्र त्याचा अर्थ नव्हता.

पत्राचा मजकूर येणेंप्रमाणें. पहिलें कलम : ता. २७ डिसेंबर १९८० च्या पहाटे, अदमासें ३ वाजतां, दोघां पहारेकऱ्यांनीं दरवाजाबाहेर असाधारण दिवे पाहिले. तिघे शिपाई शोधार्थ गेले. त्यांस धातुमय दिसणारी त्रिकोणाकृति वस्तु आढळली, पायाशीं दोन ते तीन मीटर रुंद व सुमारें दोन मीटर उंच. माथ्यावर लुकलुकणारा तांबडा दिवा, खालीं निळे दिवे. शिपाई जवळ जातांच ती झाडींतून दिसेनाशी झाली. त्या वेळीं जवळच्या शेतावरील जनावरें बिथरलीं. दुसरें कलम : दुसऱ्या दिवशीं जमिनीवर तीन खळगे आढळले, दीड इंच खोल व सात इंच व्यासाचे, पुढील रात्रीं, म्हणजे ता. २९ स, तेथें किरणोत्सर्ग मोजतां ०.१ मिलिरॉंटजेन असा आंकडा आला. तिसरें कलम : त्याच रात्रीं झाडांतून सूर्यासारखा तांबडा दिवा दिसला, तो हलत व लुकलुकत होता, त्यानें तेजःकण फेंकले, मग त्याचे पांच पांढरे तुकडे होऊन ते नाहीसे झाले, त्यानंतर आकाशांत ताऱ्यांसारख्या तीन वस्तु, दोन उत्तरेस व एक दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारें दहा अंशांवर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ दिसत राहिल्या. शेवटीं, दुसऱ्या व तिसऱ्या कलमांतील गोष्टी सही करणारासुद्धां अनेकांनीं पाहिल्या, असें लिहून सही केली आहे.

अखेरचें हें वाक्य फार महत्त्वाचें आहे. लेखकानें साक्षीचा दावा दुसऱ्या व तिसऱ्या कलमापुरताच केला आहे. ज्यांत त्रिकोणाकृति वस्तु आली आहे तें पहिलें कलम त्यानें दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहिलें. लेखकानें ही मर्यादा प्रामाणिकपणें नमूद केली असतां वाचणारांनीं ती गाळली, आणि ‘तळाच्या अधिकाऱ्यानें तबकडी पाहिली’ असें सर्वतोमुखीं झालें. स्वतः पाहिलेलें व ऐकीव एकाच पत्रांत, एकाच हातचें व एकाच सहीखालीं असलें, तरी त्याची किंमत निरनिराळी करावी लागते, हा पहिला धडा.

दुसरी गोष्ट तारखेची. पत्रांत पहिली घटना २७ डिसेंबरच्या पहाटेची म्हटली आहे. परंतु त्याच घटनेचा एक दुसरा कागद आहे. तो म्हणजे सफोक पोलिसांची नोंदवही. तळावरून पोलिसांस दूरध्वनीनें वर्दी गेली, ती ता. २६ डिसेंबर रोजीं पहाटे ४ वाजून ११ मिनिटांनीं. आकाशांत असाधारण दिवे दिसले असून निःशस्त्र माणसें शोधास पाठविलीं आहेत, असा तिचा आशय. पोलिसांनीं हवाई वाहतुकीच्या कचेरीकडे विचारणा केली. त्या बाजूस विमान असल्याचें तिला ठाऊक नव्हतें. शिपाई जागेवर गेले, शोध केला, कांहीं आढळलें नाहीं. दिसणारा दिवा काय तो ऑर्फर्डच्या दीपगृहाचा, असा त्यांनीं शेरा मारला. त्याच सकाळीं १०॥ वाजतां, खुणा सांपडल्या म्हणून पुन्हां बोलावणें आलें, तेव्हां शिपायानें खळगे पाहून ते एखाद्या जनावरानें केलेले असूं शकतील असें नोंदविलें.

आतां हॉल्ट यांचें पत्र व पोलिसांची वही यांचा मेळ बसत नाहीं. यांपैकीं कोणतें प्रमाण धरावें ? अधिकार पाहिला तर पत्र वरचढ. तें लष्करी अंमलदाराच्या सहीचें. परंतु पत्र पहिल्या घटनेनंतर अठरा दिवसांनीं, आठवणीवरून लिहिलेलें आहे. वहींतील नोंद वर्दी येतांच, घड्याळ पाहून, नेहमींच्या रिवाजानें केलेली. ती करणाऱ्या कारकुनास पुढें या प्रकरणाचा गवगवा होईल याची कल्पना नव्हती, आणि तारीख पुढें-मागें करण्यांत त्याचा लाभ कांहींच नव्हता. म्हणून वही प्रमाण धरणें प्राप्त आहे. आमच्याकडील उदाहरण द्यावयाचें तर शिवजन्माच्या शकाचें देतां येईल. बखरींच्या भरवशावर १५४९ हा शक बरींच वर्षें धरला जात होता. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींतील एका कोरड्या ओळीनें १५५१ हा शक पुढें आणला, आणि रसाळ बखरींस त्या ओळीपुढें मागें सरावें लागलें.

चूक कशी झाली असेल, याचा तर्क करणें आमच्या वाचकांस जड जाणार नाहीं. इंग्रजी तारीख मध्यरात्रीं पालटते, मुसलमानी चंद्र सूर्यास्तास पालटतो, आणि आपली मिति व्यवहारांत सूर्योदयापासून मोजतात. जुन्या पत्रांतील रात्रीच्या लढाया व मृत्यु यांच्या तारखा लावतांना या कारणानें एका दिवसाचा फरक पडतो, हें ज्यांनीं जंत्री घेऊन काम केलें आहे ते जाणतात. पहारेकऱ्याची रात्रपाळी एका तारखेस सुरू होऊन दुसरीस संपते. तिच्यांत पहाटे ३ वाजतां घडलेली गोष्ट ‘अमक्या रात्रीची’ म्हणून सांगितली कीं ऐकणारा एक दिवस इकडे किंवा तिकडे लिहितो. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हॉल्ट स्वतः गेले ती रात्र ता. २८ च्या पहाटेची होती, असें अभ्यासक आतां मानतात. पत्रांत ती २९ दिली आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणीं चूक एकाच दिवसाची व एकाच दिशेची आहे. यावरून लेखकाचा कांहीं लपविण्याचा हेतु होता असें न दिसतां, मोजणीचा आरंभबिंदु चुकला असें दिसतें.

कोणी म्हणेल, एका दिवसाच्या फरकानें असें काय बिघडलें ? बिघडलें तें हें. मंत्रालयानें रडार-केंद्रांकडे त्या वेळच्या नोंदींविषयीं विचारणा केली व असाधारण असें कांहीं निष्पन्न झालें नाहीं. पण विचारणा करणारांच्या हातीं आधार होता तो या पत्रांतील तारखांचा. त्याहून मोठें नुकसान दुसरेंच. ता. २६ डिसेंबरच्या पहाटे, ३ वाजण्यास कांहीं मिनिटें असतां, दक्षिण इंग्लंडवरून एक अत्यंत तेजस्वी उल्का गेली. ती पुष्कळांनीं पाहिली व खगोलनिरीक्षकांनीं नोंदली. पहारेकऱ्यांस अरण्यांत कांहीं तरी उतरल्यासारखें वाटलें त्याच सुमाराची ही गोष्ट. पत्रांतील २७ तारीख धरून जो शोध करील त्यास ही उल्का कधींच सांपडणार नाहीं. पोलिसांच्या वहींतील २६ धरली कीं ती आपोआप समोर येते. आयन रिडपाथ या खगोलविषयक लेखकानें १९८३ पासून हा शोध चालविला, आणि पोलिसांची नोंद मिळाल्यावरच त्याची सांखळी जुळली.

आतां उरलेले समकालीन कागद पाहूं. पहिल्या रात्रीं अरण्यांत गेलेल्या शिपायांचे लेखी जबाब तळावर लवकरच घेण्यांत आले होते; ते १९९० नंतरच्या दशकांत अभ्यासकांस मिळाले. त्यांपैकीं दोघांच्या जबाबांत, आपण ज्या फिरत्या दिव्याच्या मागें बरेंच अंतर चालत गेलों तो शेवटीं दीपगृहाचा निघाला, अशी स्पष्ट कबुली आहे. ती हॉल्ट यांच्या पत्रांत उतरली नाहीं. पत्र हें अनेक जबाबांचा गोषवारा असतें, आणि गोषवाऱ्यांत जें गळतें तेंच कित्येकदां मर्माचें असतें.

दुसऱ्या रात्रीचें समकालीन साधन म्हणजे हॉल्ट यांची ध्वनिमुद्रित फीत. १९८४ सालीं तिची प्रत बाहेर आली. ती सुमारें अठरा मिनिटांची असून कित्येक तासांच्या फेरफटक्यांत अधूनमधून भरलेली आहे. मधून मधून घड्याळांतील वेळही सांगितलेली ऐकूं येते. या फितीचें मोल फार आहे, कारण तींत अठरा दिवसांनंतरची आठवण नसून त्या क्षणींचे उद्गार आहेत. त्यांत एके ठिकाणीं सोबतचा माणूस तो दिवा पुन्हां पुन्हां दिसल्याचें ओरडून सांगतो. त्या ओरडण्यांतील अंतर मोजलें तर तें पांच सेकंदांचें भरतें. ऑर्फर्ड नेसचें दीपगृह दर पांच सेकंदांनीं एकदां चमकत असे. पत्रांत हें अंतर कोठेंही नाहीं. तें फितीनें, बोलणाऱ्यांच्या नकळत, जपून ठेविलें.

किरणोत्सर्गाच्या आंकड्याचीही अशीच गत आहे. पत्रांत ०.१ मिलिरॉंटजेन एवढेंच आहे. ‘दर तासास’ हे शब्द गळाले आहेत, आणि त्यांवांचून तो आंकडा अर्थहीन ठरतो. फितीवर ऐकूं येणारे आंकडे बहुतेक त्याहून लहान आहेत. शिवाय तें यंत्र मोठ्या किरणोत्सर्गासाठीं घडविलेलें. हा आंकडा त्याच्या सर्वांत खालच्या मोजपट्टीच्या तळाशीं येतो. अशा कांट्यावर गुंजभर सोनें तोलावें, तसा हा प्रकार. आकाशांत तासन्‌तास राहिलेल्या तिन्ही वस्तूंविषयीं तर पत्राचेच शब्द पुरे आहेत : ताऱ्यांसारख्या, क्षितिजाजवळ, तासभर किंवा त्याहून अधिक वेळ दिसणाऱ्या. दक्षिणेकडे त्या वेळीं व्याधाचा तारा तळपत होता.

येथवर समकालीन साधनें झालीं. यापुढें जें सुरू होतें त्यास आमच्या परिभाषेंत बखर म्हणावें लागेल. पत्र छापून आल्यावर साक्षीदारांच्या कथनांत वर्षानुवर्षें भर पडत गेली. एकानें २००३ च्या सुमारास एक टिपणवही दाखविली व ती त्या रात्रींच अरण्यांत लिहिली असें सांगितलें. त्या वहींत तारीख २७ डिसेंबर आहे. वाचकांनीं एवढेंच लक्षांत घ्यावें कीं पोलिसांची वर्दी २६ तारखेची आहे, आणि २७ ही हॉल्ट यांच्या पत्रांतील तारीख आहे. नव्यानें पुढें आलेल्या कागदांत जुन्या कागदांतील चूक जशीच्या तशी आढळली म्हणजे संग्राहकानें कोणते प्रश्न विचारावेत, हें येथें शिकवावयास नको. खुद्द हॉल्ट यांनीं २०१० सालीं प्रतिज्ञापत्र करून, त्या वस्तु पृथ्वीबाहेरच्या होत्या व दोन्ही सरकारांनीं गोष्ट दाबली, असें म्हटलें. हा मजकूर १९८१ च्या पत्रांत नाहीं. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. तीस वर्षांनंतरची आठवण व अठरा दिवसांनंतरची आठवण एका पंक्तीस बसवितां येत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही नमूद करणें न्यायाचें होईल. दीपगृह आपणांस निराळें दिसत होतें, असें हॉल्ट सांगत आले आहेत. ब्रिटनचे माजी सेनाप्रमुख ॲडमिरल लॉर्ड हिल-नॉर्टन यांनीं तर पेंच घातला कीं, एक तर परकी वस्तु लष्करी तळाशीं उतरली, नाहीं तर तळाचे जबाबदार अधिकारी भ्रमिष्ट झाले. कसेंही असलें तरी संरक्षणाशीं त्याचा संबंध नाहीं असें मंत्रालयास म्हणतां येणार नाहीं. हा आक्षेप वजनदार आहे. शीतयुद्धाच्या ऐन भरांत, अशा तळाच्या कुंपणाबाहेर घडलेल्या गोष्टीची चौकशी मंत्रालयानें चार पत्रांवर आटोपली, पोलिसांची वही त्या वेळीं मागवून पत्राशीं ताडून पाहिली नाहीं, आणि २००१ सालीं आपली फाइल खुली होईपर्यंत या चौकशीचा तुटपुंजेपणा झांकलेला ठेविला. संशयास जागा मिळाली ती या कारणानें. मात्र पेंचांतील दोन्ही टोकांमध्यें एक तिसरी शक्यता आहे, व कागद तिच्याकडेच बोट दाखवितात : शहाणीं, जबाबदार माणसें अंधारांत, थंडींत, एका उल्केनें सावध झालेलीं असतां, ओळखीच्या दिव्यास अनोळखी समजलीं. यासाठीं भ्रमिष्ट असावें लागत नाहीं.

आज त्या स्थळीं जाऊन पाहण्यासारखें फारसें उरलें नाहीं. १९८७ च्या आक्टोबरांतील तुफानानें अरण्यांतील असंख्य झाडें उन्मळलीं. १९९३ सालीं अमेरिकन हवाई दल तळ सोडून गेलें. ऑर्फर्ड नेसचें दीपगृह २०१३ सालीं विझविण्यांत आलें व समुद्रानें किनारा खाल्ल्यामुळें २०२० सालीं पाडण्यांत आलें. त्या दिव्याकडे पाहून सेकंद मोजण्याची सोय आतां राहिली नाहीं. तें अंतर आहे तें फितीवर. खटल्याचा निकाल यापुढें कागदांवर व त्या फितीवरच व्हावयाचा आहे.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंति कीं, सरदाराच्या मोहोरेचें पत्र जपतांना त्याच रुमालांतील चौकीदाराची हजिरी, नाक्यावरची वही, कारकुनाचें रोजचें टिपण हीं रद्दी म्हणून बाजूस टाकूं नयेत. सफोकच्या कोणा पोलिसानें पहाटे ४ वाजून ११ मिनिटांनीं लिहिलेल्या दोन ओळी नसत्या, तर एका खऱ्या अधिकाऱ्याच्या खऱ्या सहीचें पत्र चुकीच्या दिवसास कायमचें चिकटून बसलें असतें, व तें चुकलें आहे हें सांगणारें कोणी उरलें नसतें. इत्यलम्.